सराटा, घेटुळी आणि तांब्याभर पाणी

मार्च सरता सरता मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात उन्हाचा कडाका वाढतो आणि घराघरांतून एक तक्रार दबक्या आवाजात सुरू होते. लघवीला जळजळ होते, थेंबथेंब होते, पुन्हा पुन्हा जावंसं वाटतं, ओटीपोट दुखतं. ‘उन्हाळी लागली’ एवढं म्हटलं की घरातल्या थोरल्या बाईला आणखी काही विचारावं लागत नाही. रात्री मूठभर धणे जाडसर कुटून माठातल्या पाण्यात भिजत पडतात आणि सकाळी ते पाणी गाळून, खडीसाखर घालून हातात येतं. सब्जा फुगवला जातो. माठात वाळ्याची जुडी सोडली जाते. कोकणात शहाळं फोडतात. पळसाच्या मुलुखात त्याची केशरी फुलं शिजवून कोमट लगदा ओटीपोटावर बांधतात.

लघवीच्या दुखण्याबद्दल आपल्याकडे चारचौघांत बोलत नाहीत. सासूला सांगायला सून लाजते आणि मुलाला सांगायला म्हातारा बाप. त्यामुळे या विकारांवरचं पहिलं औषध बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून येतं, दुसरं गावातल्या जाणत्याकडून किंवा काष्ठौषधींच्या दुकानातून, आणि दवाखान्याची पायरी सर्वांत शेवटी चढली जाते. म्हणूनच हे घरगुती ज्ञान नीट तपासून पाहणं गरजेचं आहे. त्यात टिकणारं काय आहे, कुठे ते तोकडं पडतं आणि कुठे जिवावर बेतू शकतं, हे माहीत असलेलं बरं. जुने ग्रंथ, शेताचे बांध, बाजारपेठा आणि अलीकडच्या वैद्यकीय चाचण्या असा मागोवा घेत गेलं की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. या परंपरेचा पाया पाणी आहे. वनस्पती त्या पाण्याच्या मदतनीस आहेत. हा क्रम जिथे उलटा होतो, तिथे घोळ सुरू होतो.

तीन मर्मांपैकी एक

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘त्रिमर्मीय’ नावाचा अध्याय आहे. हृदय, मस्तक आणि बस्ती, म्हणजे मूत्राशय, ही त्यातली तीन मर्मं. ज्या अवयवाचं नाव काढायला आज आपण संकोचतो, त्याला प्राचीन वैद्यांनी हृदयाच्या पंक्तीत बसवलं होतं. लघवीला त्रास होणं, म्हणजे मूत्रकृच्छ्र, याचे आठ प्रकार तिथे सांगितले आहेत आणि खड्यामुळे होणारा त्रास त्यात वेगळा मोजला आहे.

याच संहितेच्या सूत्रस्थानात लघवी साफ करणाऱ्या दहा औषधींचा गण येतो. त्यात गोखरू आणि पाषाणभेद आहेत, आणि दहातली निम्मी नावं गवतांची आहेत. दर्भ, कुश, काश ही त्यांतली ओळखीची. ओढ्याकाठी, पाणथळ जागी वाढणाऱ्या या गवतांची मुळं पाण्यात उकळून द्यायची. दुसऱ्या एका अध्यायात कोणत्या कामात कोणतं द्रव्य श्रेष्ठ याची यादी आहे. तिथे मूत्रकृच्छ्रासाठी मान मिळाला आहे गोखरूला.

सुश्रुतांनी मूतखड्यावर निदान आणि चिकित्सा असे दोन स्वतंत्र अध्याय लिहिले. नवं मडकं गळ्यापर्यंत पाण्यात ठेवलं तर त्याच्या अंगातून पाणी आत झिरपतं, तसा बस्ती भरतो, अशी त्यांची कल्पना होती. मूत्रपिंडांतून दोन नळ्यांनी लघवी मूत्राशयात उतरते हे ज्ञान पुढचं. पण उपचाराबाबत त्यांची शिस्त थक्क करणारी आहे. खडा नवा आणि लहान असेल तर औषध, वाढला असेल तर शस्त्र. शस्त्रक्रियेचं वर्णन बारकाईनं केलं आहे. रोग्याला कसं धरायचं, बोटानं खडा खाली कसा आणायचा, शिवणीच्या डाव्या बाजूला जवाएवढं अंतर सोडून छेद कसा घ्यायचा, आणि खड्याचा कणही आत का राहू द्यायचा नाही, हे सगळं त्यात येतं. मात्र ही शस्त्रक्रिया जोखमीची आहे, कुशल वैद्यालाही यशाची खात्री नाही, तेव्हा राजाची परवानगी घेऊनच हात घालावा, असंही ते बजावतात. औषधाची हद्द कुठे संपते हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. परंपरेचं नाव घेणाऱ्या प्रत्येकानं हा भाग आवर्जून वाचावा.

शार्ङ्गधरसंहितेत औषधं करण्याची मापं आहेत. काढ्यासाठी औषधाच्या सोळापट पाणी घेऊन आठवा हिस्सा उरवायचा. ‘हिम’ करायचा असेल तर एक पल औषध सहा पल पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळायचं. आजीचं धण्याचं पाणी म्हणजे हा हिमच. जळजळ होत असताना उकळलेला तिखट काढा न देता थंड भिजवण द्यायचं, ही त्यामागची समज आहे.

मराठीत हे ज्ञान घराघरांत पोचवलं ते शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’सारख्या ग्रंथांनी. डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘ओषधीसंग्रहा’नं वनस्पतींची नावं आणि गुण मराठी वाचकापुढे शिस्तीनं मांडले. अनेक जुन्या घरांत देवघराशेजारच्या फडताळात ही पुस्तकं असत, आणि गावातल्या कुणाला काही झालं की त्यांची पानं उघडली जात.

बांधावरची दोन झाडं

या परंपरेतली सगळी औषधं दुर्मीळ नाहीत. दोन तर पायाखालीच आहेत.

पहिलं सराटा, म्हणजेच लहान गोखरू. पावसानंतर माळावर, पायवाटेच्या कडेला, पडीक शेतात हे झाड जमिनीला चिकटून चहूकडे पसरतं. पानं जोडीजोडीनं, हरभऱ्याच्या घाटणीची. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे, दोन लहान काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर राहतोच. अनवाणी गुराख्याच्या टाचा आणि सायकलचे टायर हे चांगलंच जाणतात. औषधात वापरतात ते हेच वाळलेलं फळ, कुटून आणि उकळून. दशमुळांतही गोखरूचा समावेश आहे, त्यामुळे बाळंतिणीला देतात त्या दशमूलारिष्टातही तो असतो.

मोठं गोखरू ही वेगळी वनस्पती. तिचं फळ चार कोनांचं आणि चार काट्यांचं. तिची ताजी ओली फांदी पेलाभर पाण्यात थोडा वेळ ढवळून बघावी. पाणी हळूहळू जाड होत जातं आणि बोटाला बुळबुळीत लागतं. लघवीच्या जळजळीवर हे बुळबुळीत पाणी देण्याची चाल जुनी आहे.

दुसरी घेटुळी, ग्रंथांतली पुनर्नवा. उन्हाळ्यात वरचा भाग वाळून जातो, मुळं मात्र जिवंत राहतात आणि पावसाच्या पहिल्या सरींनी पुन्हा फुटतात. लालसर देठ, जोडीतली लहानमोठी पानं, डोळे बारीक करून पाहावी लागतील अशी गुलाबी फुलं आणि कपड्याला चिकटणारी चिकट फळं, या तिच्या खुणा. कोवळ्या पानांची भाजी करतात. अंगावर सूज आली, लघवी कमी झाली की वैद्य हिच्या मुळाचा काढा देत.

घेटुळीच्या शेजारीच, त्याच शेतात, तिच्यासारखं दिसणारं दुसरं एक तण वाढतं. त्याची पानं जास्त मांसल असतात आणि फुलं देठाच्या बेचक्यात बसलेली असतात. त्यालाही काही ठिकाणी पांढरी पुनर्नवा म्हणून विकलं जातं. या झाडात ऑक्झलेट भरपूर असतं, आणि बहुतेक मूतखडे बनतात ते कॅल्शियम ऑक्झलेटचेच. म्हणजे खड्याच्या रोग्यानं औषध म्हणून चुकीची जुडी उपटली तर तो खड्याला खतपाणीच घालतो.

आधुनिक प्रयोगशाळा काय सांगते? गोखरूत सॅपोनिन्स नावाची द्रव्यं आणि पोटॅशियमचे क्षार आहेत. धणे, गोखरू, घेटुळी यांच्या अर्कांनी उंदरांमध्ये लघवीचं प्रमाण वाढल्याचे प्रयोग झाले आहेत. एवढ्यावरून माणसाचा आजार बरा होतो असं सिद्ध होत नाही. या वनस्पती घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या रोग्यांची काटेकोर तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या फारच थोड्या आहेत. परंपरेवर ज्यांची माया आहे, त्यांनीच या उणिवेबद्दल सर्वांत आधी आवाज उठवायला हवा.

कोणता पाषाणभेद?

पुण्याच्या रविवार पेठेसारख्या जुन्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात ‘पाषाणभेद’ मागितला तर पुडी नक्की मिळते. पण तिच्यात काय असेल हे दुकानागणिक बदलू शकतं. ग्रंथातला पाषाणभेद म्हणून आज मान्यता आहे ती हिमालयाच्या खडकांच्या भेगांत वाढणाऱ्या, जाड मुळाच्या एका वनस्पतीला. दक्षिणेत नदीकाठच्या वेगळ्याच झुडपाला हे नाव आहे. कपुरमाधुरीही काही ठिकाणी याच नावानं विकली जाते. आणि आपल्याकडे कुंडीत लावलेल्या पानफुटीलाही लोक सर्रास पाषाणभेद म्हणतात. रोज सकाळी उपाशीपोटी दोन पानं चावून खा, खडा विरघळेल, असा सल्ला शेजारीपाजारी मिळतोच.

पानफुटी मूळची मादागास्करची. तिच्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. ऑस्ट्रेलियात याच गणातल्या झाडांनी चरणाऱ्या गुरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. दोन पानांनी कुणी दगावत नाही. पण हृदयविकाराची औषधं घेणाऱ्या माणसानं महिनोन्‌महिने ती खात राहणं शहाणपणाचं नाही.

वरुण, म्हणजे वायवर्णा, याबाबत ओळखीचा गोंधळ कमी आहे. ओढ्याच्या काठी वाढणारं हे झाड बेलासारख्या त्रिदलानं आणि पांढऱ्या, पुढे पिवळसर होणाऱ्या फुलांनी लगेच कळतं. रायगड-ठाण्याकडे याच्या कोवळ्या पानांची भाजी पावसाळ्याच्या तोंडाशी बाजारात येते. सालीचा काढा मूत्रविकारांत देतात. बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी या सालीवर काम केलं आणि मूत्रविकारांतल्या तिच्या उपयोगाबद्दलची निरीक्षणं १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. परंपरेतलं औषध रुग्णालयात नेऊन रोग्यांवर पाहायचं, मोजायचं आणि लिहून ठेवायचं, ही वाट त्यांनी धरली. तिच्यावरून आणखी माणसं चालायला हवीत. दुसरा प्रश्न झाडाचा. खोडाची साल चहूबाजूंनी सोलली की झाड मरतं. मागणी वाढेल तशी लागवड वाढली नाही तर ओढ्याकाठचे वायवर्णे उद्या फक्त पुस्तकात उरतील.

दुकानातून घ्यायचंच असेल तर अख्खं फळ, अख्खं मूळ, अख्खी साल घ्यावी आणि घरी कुटावी. अख्खी वस्तू जाणकाराला ओळखता येते, बुरशी दिसते, वास घेता येतो. चूर्णात काय मिसळलं आहे हे डोळ्यांना कळत नाही.

खडा पडला, पण कशानं?

मूतखड्यावरच्या औषधाची सर्वांत मोठी साक्ष एकच असते. ‘आमच्या भावाला काढा दिला आणि आठवड्यात खडा पडला.’ सांगणारा खोटं बोलत नसतो. तरीही त्या साक्षीतून निघणारा निष्कर्ष तपासावा लागतो.

मूत्रवाहिनीत उतरलेला ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडा साधारण दोन तृतीयांश रोग्यांत कोणत्याही शस्त्रक्रियेशिवाय आपोआप पडतो. ५ ते १० मिलिमीटरचा खडाही जवळपास निम्म्या रोग्यांत पडून जातो. म्हणजे लहान खड्याच्या शंभर माणसांना काहीही दिलं, अगदी साधं पाणी दिलं, तरी साठ-सत्तर जण बरे होऊन गावभर औषधाचं नाव सांगणार. ज्यांचा खडा पडला नाही ते निमूटपणे शहरातल्या रुग्णालयात जातात. त्यांची साक्ष पारावर कुणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट खड्याच्या जातीची. बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते पोटात घेतलेल्या औषधानं विरघळत नाहीत. युरिक आम्लाचे खडे मात्र लघवीचा आम्लपणा कमी केला की विरघळू शकतात. लिंबातलं सायट्रेट खडे बनण्याला काही प्रमाणात अटकाव करतं. म्हणून पडलेला खडा टाकून देऊ नये, तपासायला द्यावा. पुढची वर्षं काय खायचं-प्यायचं हे त्यावर ठरतं.

कुळथाचा मान या बाबतीत मोठा. कोकणात पिठी आणि कळण, सातारा-सांगलीकडे हुलग्याचं माडगं. मूतखड्यावर कुळीथ देण्याची प्रथा ग्रंथांतही आहे आणि घरांतही. ऊन ऊन कळण दिवसातून दोनदा प्यायलं की पातळ पदार्थ पोटात जातोच, शिवाय गरीब घरात चांगलं धान्य जातं. मात्र आयुर्वेद कुळथाला उष्ण मानतो, हे अनेकजण विसरतात. खड्यासाठी सांगितलेलं कळण उन्हाळी लागलेल्या माणसाला देणं परंपरेलाच धरून नाही.

काही समजुती मात्र सोडून द्याव्यात. टोमॅटो आणि वांग्याच्या बियांनी खडे होतात म्हणून लोक त्या भाज्या बंद करतात. टोमॅटोत ऑक्झलेट कमी असतं. खडा कॅल्शियमचा म्हणून दूध-दही तोडतात. इटलीत पार्मा इथे १२० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटंच दिसलं. कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा नेहमीइतकं कॅल्शियम घेऊन मीठ आणि मांसाहार कमी करणाऱ्यांना पाच वर्षांत खडे कमी झाले. लोणचं-पापडावरचा हात आखडणं दूध सोडण्यापेक्षा जास्त कामाचं. ‘बिअर प्या, खडा पडेल’ हा सल्ला तर निव्वळ नुकसानीचा. दारूनं लघवी वाढते आणि मागून शरीर कोरडं पडतं.

आणि पाणी? त्याच पार्मा शहरात १९९६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास साधा आणि सुंदर आहे. पहिल्यांदा खडा झालेले १९९ रुग्ण घेतले. निम्म्यांना एवढं पाणी प्यायला सांगितलं की दिवसाला दोन लिटर लघवी झाली पाहिजे. बाकीच्यांना खास काही सांगितलं नाही. पाच वर्षांत दुसऱ्या गटात सुमारे २७ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना. गोखरूच्या काढ्याची शेकडो वर्षांची साक्ष आपण मानतो. तो काढा ज्या पाण्यात उकळला, त्या पाण्याची साक्ष याहून भक्कम आहे.

जंतू आणि वेळ

उन्हाळी म्हणून घरी जे ओळखलं जातं, ते नेहमी उन्हाचंच असतं असं नाही. घाम जाऊन लघवी दाट झाली की जळजळ होते आणि भरपूर पाण्यानं ती एक-दोन दिवसांत थांबते. पण पुष्कळदा तो जंतुसंसर्ग असतो. आतड्यात राहणारे ई-कोलाय जंतू मूत्रमार्गातून वर चढतात. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, म्हणून त्यांना हा त्रास कितीतरी जास्त. जवळपास निम्म्या स्त्रियांना आयुष्यात केव्हातरी तो होतो.

इथेही पाणी उभं राहतं. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पातळ पदार्थ घेणाऱ्या १४० स्त्रियांचा बल्गेरियातला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या स्त्रियांना रोज दीड लिटर जास्तीचं पाणी दिलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. प्रतिजैविकं घेण्याची वेळही त्यांच्यावर निम्म्यानं कमी आली.

वनस्पतींपैकी सर्वांत जास्त तपासलेली आहे ती अमेरिकेतली क्रॅनबेरी. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात ५० अभ्यास एकत्र केले तेव्हा वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत धोका साधारण एक चतुर्थांशानं कमी झाल्याचं दिसलं. क्रॅनबेरीतली द्रव्यं जंतूंना मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाहीत, असं मानलं जातं. संसर्ग टाळायला तिचा उपयोग आहे, झालेला संसर्ग बरा करायला ती पुरेशी नाही. आपल्या गोखरू-वरुणाला अशी पन्नास अभ्यासांची परीक्षा देण्याची संधीच मिळालेली नाही. देशी औषधीबद्दल अभिमान असेल तर ती संधी मिळवून द्यायला हवी, कारण नेहमीच्या अनेक प्रतिजैविकांना हे जंतू भारतात दाद देईनासे झाले आहेत. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्यांनी ही वेळ आणली.

मग काढ्यावर थोडं थांबून पाहायचं का? जर्मनीत ४९४ स्त्रियांवर झालेला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याचं प्रामाणिक उत्तर देतो. साध्या संसर्गात काही जणींना प्रतिजैविक दिलं, काही जणींना फक्त वेदनाशामक. वेदनाशामक घेणाऱ्या सुमारे दोन तृतीयांश जणी प्रतिजैविकाशिवाय बऱ्या झाल्या. म्हणजे शरीराची स्वतःची ताकद मोठी आहे. पण त्यांच्यातल्या पाच जणींना संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला, प्रतिजैविक घेणाऱ्यांत हे फक्त एकीच्या वाट्याला आलं. तरुण, निरोगी बाईनं एखादा दिवस भरपूर पाणी आणि धण्याचा हिम घेऊन पाहायला हरकत नाही. त्यानं उतार पडला नाही तर लघवीची तपासणी आणि कल्चर. नमुना स्वच्छ बाटलीत, पहिली धार सोडून मधली धरून, आणि गोळी सुरू करण्यापूर्वी द्यावा.

कुठे थांबायचं

हुडहुडी भरून ताप, कुशीत किंवा पाठीत कळ, उलट्या, लघवीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय तिथेच थांबवावेत. गरोदर बाईला जळजळ झाली तर एक दिवसही वाट पाहू नये. तिच्यात संसर्ग मूत्रपिंडाकडे लवकर सरकतो आणि दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याची भीती असते. मधुमेही, लहान मुलं आणि एकच मूत्रपिंड असलेली माणसं यांनाही हाच नियम.

पन्नाशी-साठीनंतर पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढते, धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. सॉ पाल्मेटो या परदेशी वनस्पतीच्या महागड्या गोळ्या यावर खपवल्या जातात. अमेरिकेत २००६ मध्ये २२५ आणि २०११ मध्ये ३६९ पुरुषांवरच्या काटेकोर चाचण्या प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत त्यांचा परिणाम खोट्या गोळीपेक्षा वेगळा दिसला नाही. आणि लघवी पूर्ण तुंबली, पोट फुगलं, थेंबही येईना, तर गोखरूचं पाणी पाजणं म्हणजे भरलेल्या मूत्राशयात आणखी भर. तिथे नळी घालून मूत्राशय मोकळा करणं हाच उपचार, तोही तासाभरात.

ज्यांचं मूत्रपिंड आधीच दुबळं आहे त्यांना ‘नैसर्गिक’ गोष्टीही घातक ठरतात. शहाळ्यातलं पोटॅशियम त्यांच्या रक्तात साठतं. कमरकाच्या फळानं डायलिसिसवरच्या रुग्णांना उचक्या, भ्रम आणि मृत्यूही आल्याच्या नोंदी आहेत. रोज पेलाभर पालकाचा रस म्हणजे ऑक्झलेटचा मारा.

सर्वांत मोठा धडा बेल्जियमचा. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या एका केंद्रात वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी दिली जात होती. एका मुळाच्या जागी दुसरंच मूळ आलं. त्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल होतं. शंभरहून अधिक लोकांची, बहुतांश स्त्रियांची, मूत्रपिंडं निकामी झाली. पुढे ३९ रुग्णांची मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढल्या, तर १८ जणांत कर्करोग सापडला. हेच विषारी द्रव्य आपल्याकडच्या सापसनमध्ये आणि किडामारीत आहे. या दोन्ही वनस्पती गावठी औषधांत आजही वापरल्या जातात. त्या पोटात घेऊ नयेत, कुणी कितीही अनुभवाचा दाखला दिला तरी.

एसटीच्या वाटेवर भिंतींवर रंगवलेलं असतं, ‘मूतखडा सात दिवसांत गायब’. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यानुसार मूत्रपिंड आणि मूत्राशयातल्या खड्यांवर आणि प्रोस्टेटच्या विकारांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे. सत्तर वर्षांचा हा कायदा त्या भिंतींपर्यंत पोचायला हवा.

वेग अडवू नये

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायात न अडवण्याच्या तेरा वेगांची यादी आहे. त्यात पहिलं नाव लघवीचं. ती रोखून धरली की मूत्राशयात कळा, लघवीला त्रास, डोकेदुखी, कमरेत वाकणं, असे परिणाम सांगितले आहेत. कोणत्याही काढ्याच्या आधी हा उपदेश येतो.

आता तो महाराष्ट्रातल्या बाईला लागू करून बघावा. पहाटे फडात शिरणारी ऊसतोड मजूर बाई, बाजारात दिवसभर टोपली घेऊन बसलेली भाजीवाली, चौकात उभी वाहतूक पोलीस, दारं मोडलेल्या स्वच्छतागृहाच्या शाळेतली मुलगी. या सगळ्याजणी एकच उपाय करतात. पाणी पीत नाहीत. लघवीला जायची सोय नाही म्हणून तहान मारतात. मग जळजळ सुरू होते, मग धण्याचं पाणी, मग दुकानातली अर्धवट गोळी, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. जिला पाणी प्यायचीच भीती आहे तिला ‘भरपूर पाणी प्या’ असं सांगणारा वैद्य असो की डॉक्टर, तो अर्धंच औषध देतो. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळीनं स्त्रियांसाठी मोफत, सुरक्षित मुताऱ्यांची मागणी लावून धरली, ती याचसाठी. आरोग्याच्या दृष्टीनं ही मागणी कोणत्याही औषधाइतकी मोलाची आहे.

म्हणून या परंपरेचा मान राखायचा तर कामं ठरलेली आहेत. फडावर आणि बाजारात पाणी असलेली, कडी लागणारी स्वच्छतागृहं हवीत. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची तपासणी त्याच दिवशी व्हावी आणि कल्चरचा नमुना पुढे पाठवण्याची सोय असावी. आयुर्वेद महाविद्यालयांनी आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून गोखरू, घेटुळी, वरुण यांच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या कराव्यात, आणि निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो मराठीत लोकांना सांगावा. दुकानातल्या पुडीवर वनस्पतीचं नेमकं नाव छापलेलं असावं. आणि घरात, लेकीला आणि सुनेला, बापाला आणि सासऱ्याला, ‘लघवीला त्रास होतोय का?’ हे मोकळेपणी विचारता यायला हवं. तो प्रश्न वेळेत विचारला गेला, तर आजीचा धण्याचा हिम आणि डॉक्टरांची तपासणी दोन्ही आपापल्या जागी उपयोगी पडतील.